कोल्हापूर एका दिवसात, पण निवांत

कोल्हापूरला पहिल्यांदा येणाऱ्यांचा बेत बहुतेक वेळा असा असतो: सकाळी अंबाबाई, मग जोतिबा, मग पन्हाळा, येताना रंकाळा आणि रात्री गाडी सुटायच्या आधी कसंबसं मटण. कागदावर हे बसतं. प्रत्यक्षात पन्हाळा आणि जोतिबा दोन्ही शहरापासून वीसेक किलोमीटरवर, तेही चढावर, म्हणजे अर्धा दिवस गाडीतच जातो. आणि घाईत जेवलेला तांबडा-पांढरा रस्सा हा तर पैसे देऊन केलेला पश्चात्ताप. म्हणून या लेखात पन्हाळा नाही, जोतिबा नाही. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा. इथला बेत आहे फक्त शहराचा, दोघांचा, पायी आणि थोडा रिक्षाचा. त्याचा कणा आहे दोन जेवणं: सकाळची मिसळ आणि दुपारचं मटण. बाकी सगळं या दोहोंच्या मधे, भूक लागेल आणि पचेल अशा हिशेबानं बसवलं आहे.

दोघं असण्याचा फायदा फार मोठा आहे. तिघं-चौघं असलात तर एका रिक्षात मावताना अडचण, देवळात एकमेकांची वाट बघा, हॉटेलात मोठ्या टेबलासाठी ताटकळा. दोघांना कुठेही जागा मिळते, आणि एक प्लेट अर्धी-अर्धी करता येते. मिसळीच्या बाबतीत तर हे अर्धं-अर्धं करणंच दिवस वाचवतं. का ते पुढे येईल.

वार आणि महिना

कोल्हापुरात मटणाचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. या दिवशी माल खपतो, रस्सा ताजा असतो, खानावळींचा उत्साहही वेगळाच. पण शुक्रवार हा देवीचाही वार. मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला गर्दी, रविवारी बाहेरगावच्या गाड्यांची गर्दी. सोमवारी टाऊन हॉलचं सरकारी संग्रहालय बंद. हे सगळं जुळवलं की उरतो बुधवार. सुट्टी काढता येत असेल तर बुधवारच काढा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. त्यातही नवरात्र टाळा, म्हणजे फक्त देवीसाठीच येत असाल तर गोष्ट वेगळी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार बाहेर फिरण्यात अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर निघण्यापूर्वी पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. रोजच्या बातम्यांत हा आकडा असतो. पाणी ३९ च्या वर गेलं असेल आणि पाऊस सुरूच असेल तर बेत पुढे ढकला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, त्यामुळे शहरात असलेले शहरातच अडकले.

पोचणं आणि सामान

पुण्याहून रस्त्यानं साधारण २३० किलोमीटर. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, कारण ती सकाळी कोल्हापुरात सोडते. छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे झोप लागली तरी पुढे निघून जायची भीती नाही. मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे सीबीएस, स्टेशनच्या जवळच. तिथून अंबाबाईचं देऊळ अडीचेक किलोमीटर.

खोली घ्यायची तर दोन पर्याय: स्टेशन-सीबीएस परिसर किंवा महाद्वार रोडचा परिसर. पहिला स्वस्त आणि रात्री गाडी पकडायला सोपा. दुसरा देवळाजवळ, पण गोंगाटाचा आणि तिथे गाडी लावायला जागा मिळणं कठीण. दुपारी दोन तास आडवं व्हायचं असल्यामुळे खोली घ्याच. फक्त पाठपिशवी लॉकरमध्ये टाकून दिवसभर भटकणं जमतं, पण मटणाच्या जेवणानंतर पाठ टेकायला जागा नसली की चारपर्यंतचा वेळ खायला उठतो.

स्वतःची गाडी असेल तर ती देवळाच्या पेठेत घुसवू नका. गल्ल्या अरुंद, बऱ्याच एकेरी. बिंदू चौकात पार्किंगची सोय आहे, तिथे लावा आणि चालत जा. रिक्षात बसताना चालकाला ‘मामा’ म्हटलं की काम सोपं होतं. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा किंवा मीटर टाकायला सांगा.

पहाट: अंबाबाई

देऊळ पहाटेच उघडतं. सहा-साडेसहाला पोचलात तर साध्या दिवशी रांग हलती असते. नऊनंतर तीच रांग दुप्पट-तिप्पट होते. रांगा दोन: गाभाऱ्यासमोरून जवळून दर्शन घ्यायची मोठी रांग आणि लांबून दिसणारं मुखदर्शन. वेळ कमी असेल किंवा सोबत वयस्कर कुणी असेल तर मुखदर्शन घ्या, त्यात काही कमीपणा नाही. कपडे अंगभर असावेत, तोकड्या कपड्यांवरून दारात वाद घालण्यात सकाळ जाते. चपला ठेवण्याच्या जागेची पावती किंवा टोकन एकानंच सांभाळा. दोघांनीही दुसऱ्यावर विसंबलं की ती हरवतेच. आणि कुठल्या दरवाजानं आत शिरलात ते लक्षात ठेवा. देवळाला चार बाजूंना चार दरवाजे आहेत. पश्चिमेचं महाद्वार सगळ्यांना ओळखू येतं, पण उत्तरेच्या घाटी दरवाजाकडे चपला काढून महाद्वारातून बाहेर पडलं की अनवाणी वळसा पडतो.

मूर्ती बघताना काय बघायचं ते आधी माहीत असलेलं बरं, कारण गाभाऱ्यासमोर उभं राहायला काही सेकंद मिळतात. चार हात: म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र. मागे सिंह, मस्तकावर नाग. मूर्तीचं तोंड पश्चिमेकडे आहे, आणि याच दिशेमुळे किरणोत्सव होतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. परंपरेनं पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत आणि मग मुखावर. त्या दिवसांत येणार असाल तर सकाळचं दर्शन सोडून संध्याकाळचं घ्या. पण किरणं दिसतीलच अशी खात्री बाळगू नका. ढग, धुकं, धूळ आणि महाद्वार रोडवरची बांधकामं यांमुळे ती अनेकदा पायांपाशी किंवा त्याही आधीच थांबतात.

दर्शन झालं की लोक लगेच बाहेर पडतात. तसं करू नका. देवळाला बाहेरून एक प्रदक्षिणा घाला. भिंतीचे कोन तारकेसारखे पुढे-मागे होत जातात आणि त्या प्रत्येक वळणावर दगडात कोरलेल्या मूर्ती आहेत. सकाळच्या तिरक्या उजेडात त्यांचे चेहरे, दागिने, वाद्यं स्पष्ट दिसतात. बाराच्या उन्हात सगळं सपाट होतं. याला वीस मिनिटं पुरतात.

मिसळ: एक प्लेट, दोन माणसं

साडेआठ ते साडेनऊ ही मिसळीची वेळ. त्याहून उशीर केला तर दुपारच्या जेवणाला भूक लागत नाही, आणि नावाजलेल्या ठिकाणी दुपारपर्यंत मिसळ संपलेलीही असते. शहरात मिसळीची भांडणं तालमींच्या भांडणांइतकीच जुनी. फडतरे, बावडा, खासबाग, चोरगे ही नावं कानावर पडतीलच. कुठल्या एकाला श्रेष्ठ ठरवण्याच्या भानगडीत न पडता जी तुमच्या वाटेवर असेल तिथे जा. नाव मोठं म्हणून पाऊण तास रांगेत उभं राहण्याइतका फरक या मिसळींमध्ये नसतो.

कोल्हापुरी मिसळीत खाली मटकीची उसळ, त्यावर बटाट्याची भाजी, मग शेव-चिवडा किंवा फरसाण, कांदा, कोथिंबीर, आणि वरून कट, म्हणजे तवंगाचा पातळ तिखट रस्सा. बाहेरगावच्यांना पहिला धक्का बसतो तो पावाचा. इथे लादीपाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. तो मुद्दाम आहे. पातळ कट स्लाइस पटकन शोषून घेतो.

तिखटाची भीती असते ती कटाची. त्याचा रंग भयानक दिसतो, पण रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या कटात कांदा-लसूण चटणी असते, आणि तिच्यात मिरचीइतकंच भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण. इथे ‘चटणी’ म्हणजे हा मसालाच, ताटातली ओली चटणी नव्हे. त्यामुळे चव आधी खमंग लागते आणि तिखट नंतर येतं. नवख्यानं असं खावं: प्लेट आली की सगळं एकदम कालवू नका. अर्धा भाग जवळजवळ कोरडाच खा, म्हणजे उसळीची आणि फरसाणाची चव कळते. मग एकेक पळी कट घालत जा, लिंबू पिळा. कट संपला तर आणखी मागा. बहुतेक ठिकाणी तो पुन्हा वाढतात. घास तोंडात असताना हसू-बोलू नका. कटावरचा तेलाचा तवंग श्वासाबरोबर घशात गेला की जो ठसका लागतो तो दहा मिनिटं जात नाही. लागलाच तर पाणी पिऊन उपयोग नाही, कारण मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. दही, ताक किंवा नुसता ब्रेड खा.

दोघांत मिसळ एकच मागवा आणि सोबत एक कटवडा. बटाटेवडा कटात बुडवून देतात, हाही कोल्हापूरचाच. एवढ्यावर थांबा. दोन मिसळी मागवल्या की फरसाण आणि मटकी पोटात फुगतात आणि दीड वाजता ताटासमोर बसून दोघंही नुसते रस्सा पीत राहतात.

साडेनऊ ते साडेबारा: पायी

देवळापासून दोन-चार मिनिटांवर भवानी मंडप. जुन्या राजवाड्याचा हा चौक, आत तुळजाभवानीचं देऊळ. इथून बिंदू चौक पाच-सात मिनिटं. जुन्या कोटाचा बुरूज आणि भिंत अजून उभी आहे. चौकातले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे १९५० चे आहेत, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचे. लोक याच्याजवळून दुचाकीवरून भुर्रकन जातात. थांबून बघा. पुढे दसरा चौक. आजूबाजूला वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीची बोर्डिंगं दिसतील. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवल्या, आणि त्या जागांवर बसायला शिकलेली मुलं हवीत म्हणून ही वसतिगृहं उभी करण्याला बळ दिलं.

दसरा चौकाहून सीपीआर रुग्णालयाकडे चालत गेलं की टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळातली इमारत, भोवती बाग. आतलं संग्रहालय लहान आहे, पाऊण तासात नीट बघून होतं. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू इथे आहेत. त्यांत समुद्रदेव पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली होती. रोमन जगातली ही मूर्ती समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून आली, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव व्यापारात कुठवर पोचलं होतं याचा अंदाज येतो. चित्रांत रस असेल तर आबालाल रहिमान यांचं काम सावकाश बघा.

न्यू पॅलेस बघायचा का? १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट या वास्तुकारानं बांधलेला काळ्या दगडाचा हा राजवाडा. वर अष्टकोनी घड्याळाचा मनोरा, आत शिकारीचे प्राणी, शस्त्रं, आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. तो कसबा बावड्याच्या रस्त्यावर आहे, टाऊन हॉलवरून रिक्षानं जावं लागतं, आणि तासभर तरी हवा. आत फोटो काढू देत नाहीत. दोन्ही बघता येतात, पण मग एकही निवांत होत नाही. आमचं मत: टाऊन हॉल आणि त्याची बाग घ्या, राजवाडा सोडा. सोबत लहान मुलं असतील तर उलट करा.

दुपारचं ताट

एक वाजता खानावळीत बसलेलं असावं. दीडनंतर बुधवारी-रविवारी वाट बघावी लागते, आणि साडेतीनच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी दुपारचा फड आवरतो; मग थेट सात-साडेसातला पुन्हा सुरू.

मटण थाळी दोघांनी दोन घ्या. इथे अर्धं-अर्धं चालत नाही. रस्सा पुन्हा-पुन्हा वाढला जात असल्यामुळे एका थाळीत दोघांना बसू देत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. साध्या खानावळीत एक थाळी साधारण तीनशे ते पाचशे रुपयांच्या दरम्यान. ताटात सुकं मटण, काही ठिकाणी खिमा, वाटीत तांबडा, वाटीत पांढरा, दही-कांदा, भाकरी किंवा चपाती, शेवटी भात. भाकरीच घ्या. ज्वारीची गरम भाकरी तांबड्यात कुस्करली तरी आपला दाणेदारपणा सोडत नाही, चपातीचा मात्र लगदा होतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पांढरा प्या, गरम असतानाच, वाटी तोंडाला लावून. हा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस आणि खडा मसाला घालून केलेला असतो. हळद नाही, लाल मिरची नाही. त्याची चव नाजूक असते, म्हणून ती जीभ ताजी असतानाच कळते. तांबडा आधी घेतला की मग पांढरा नुसता कोमट दुधासारखा लागतो. थंड झालेला पांढराही पिऊ नका. वरचं स्निग्ध गोठून ओठांना चिकटतं. वाढप्याला ‘गरम पांढरा द्या’ असं सांगितलेलं त्याला आवडतं, कारण गिऱ्हाईक जाणतं आहे हे कळतं.

मग भाकरी आणि सुकं. मग तांबडा. आणि शेवटी भातावर दोन्ही रस्से थोडे-थोडे एकत्र घालून बघा. तांबड्याची दुसरी वाटी मागताना अंदाज घ्या. पहिल्या वाटीला जो तिखट वाटत नाही तो तिसऱ्या वाटीला कपाळावर घाम आणतो. पांढरा कितीही प्या.

रस्सा चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? तांबड्यावर तवंग पातळ आणि वेगळा दिसायला हवा. रस्सा पळीतून सरळ धारेनं पडायला हवा. दाट, लोंबता रस्सा म्हणजे मटणाच्या पाण्याची कमतरता वाटणानं भरून काढलेली. पांढऱ्यात पिठूळपणा जाणवला तर तिथेही तीच गोष्ट. मटणाचा तुकडा हाडापासून बोटानं सुटायला हवा. दातानं ओढावा लागला तर घाईत शिजवलेलं.

दोघांपैकी एकजण शाकाहारी असेल तर जिथे दोन्ही मिळतं असं ठिकाण आधी विचारून ठेवा. केवळ मटणाच्या खानावळीत शाकाहारी माणसाच्या वाट्याला नाइलाजाचं ताट येतं. झुणका, भाकरी, भरलं वांगं, ठेचा असं ताट देणारी वेगळी ठिकाणं शहरात आहेत, आणि ती दुय्यम नाहीत. फक्त ‘व्हेज कोल्हापुरी’ मागू नका. ती मुंबई-पुण्याच्या हॉटेलांच्या मेनूवर राहते, कोल्हापूरच्या घरात नाही.

जेवणानंतर आडवे व्हा. साडेतीनचा गजर लावा.

चप्पल: चारची वेळ

कोल्हापुरी खरेदीला दुपारची वेळ दोन कारणांसाठी चांगली. संध्याकाळच्या गर्दीआधी दुकानदाराला वेळ असतो, आणि दिवसभर चालल्यानं पाय किंचित फुगलेले असतात. सकाळी बरोबर बसलेली चप्पल संध्याकाळी चावते. दुपारी बसलेली सहसा नाही. भवानी मंडप, शिवाजी चौक आणि पापाची तिकटी या पट्ट्यात चपलांच्या दुकानांची रांगच आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे त्यात येतात. २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्यापासून बोलबाला वाढला, आणि त्याबरोबर यंत्रावर केलेला मालही. हातची चप्पल ओळखायची रीत अशी:

१. आधी उलटी करा. तळाची शिलाई चामड्याच्या वादीची हवी. नायलॉनचा दोरा, खिळे किंवा रबरी तळ दिसला तर ती टिकाऊ असूही शकते, पण मग हातच्या चपलेचे पैसे मोजू नका.

२. तळाच्या कडेला बघा. चामड्याचे थर एकावर एक दिसायला हवेत. मधे फिकट, भुसभुशीत थर असेल तर तो पुठ्ठा. एका पावसात फुगतो आणि चप्पल तोंड उघडते.

३. वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला मातकट, किंचित उग्र वास असतो. प्लास्टिकचा किंवा नुसता रंगाचा वास आला तर ठेवून द्या.

४. दोन्ही पायांत घाला आणि दुकानाबाहेरच्या फरशीवर वीस पावलं चाला. अंगठा त्याच्या कडीत पूर्ण शिरायला हवा, टाच मागे लोंबायला नको. पट्टा थोडा घट्ट असलेला बरा, कारण चामडं महिनाभरात सैल होतं. लांबी मात्र वाढत नाही, त्यामुळे आखूड चप्पल ‘नंतर बसेल’ या बोलीवर घेऊ नका.

५. वेणी, गोंडा, जरीचं काम हे शेवटी बघा. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाली असे प्रकार दुकानदार दाखवतील. रोज वापरायची असेल तर साधा पट्टा आणि जाड तळ. नक्षी जितकी जास्त तितकी ती लग्नाची.

घेतलेली चप्पल त्याच दिवशी घालून रंकाळ्याला निघू नका. हा मोह सगळ्यांना होतो आणि रात्री अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो. घरी नेऊन पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला खोबरेल किंवा एरंडेल चोळा, रात्रभर ठेवा, आणि आठवडाभर घरात तास-तास घाला. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात चामड्याला भेगा जातात.

संध्याकाळ: तालीम, रंकाळा, दूधकट्टा

पाचच्या आसपास तालमींत संध्याकाळची मेहनत सुरू होते. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही मोठी नावं. बघायचं असेल तर दारात थांबून वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा, कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत पाय ठेवू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. परवानगी मिळाली नाही तर वाद घालू नका. ती काही प्रदर्शनाची जागा नाही. त्याऐवजी खासबाग मैदान बघा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेला हा कुस्तीचा आखाडा गोल आहे, आणि भोवतीची बसायची जागा अशी उतरती की शेवटच्या माणसालाही पकड दिसते. लागूनच असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे १९१५ चं पॅलेस थिएटर, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं.

खासबागेजवळच भेळेची आणि इतर गाड्यांची खाऊगल्ली आहे. दुपारचं मटण अजून अंगात असेल, तेव्हा दोघांत एकच भेळ. तिखट-गोड सांगून घ्या, नाहीतर चिंच-गुळाचं पाणी इथल्या हातानं जरा सढळ पडतं. उरलेल्या जागेत फळं घातलेलं कॉकटेल आइस्क्रीम.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी रंकाळ्यावर पोचा. तलाव शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणून चौपाटीच्या बाजूनं, पूर्वेच्या काठावरून मावळती पाण्यावर दिसते. पलीकडे १९३० च्या दशकातला शालिनी पॅलेस. पूर्ण फेरी मारायच्या फंदात पडू नका. टॉवरपासून चौपाटीपर्यंतचा पट्टा पुरेसा आहे, आणि कट्ट्यावर बसून राहणं हाच इथला कार्यक्रम. शनिवार-रविवारी कट्ट्यावर जागा मिळणं अवघड, हे आणखी एक बुधवारचं कारण.

रंकाळ्यावरून परतताना गंगावेशेत दूधकट्टा. म्हशी तिथेच बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दूध थेट ग्लासात. याला धारोष्ण दूध म्हणतात. पैलवान पितात, म्हातारे पितात, पण ते न तापवलेलं दूध आहे हे विसरू नका. गरोदर बाई, लहान मूल, किंवा ज्याचं पोट प्रवासात लगेच बिघडतं अशानं नुसतं बघावं. ज्याला प्यायचं आहे त्यानंही भेळेनंतर तासभर जाऊ द्यावा, आणि दोघांत एक ग्लास घ्यावा.

सोबत न्यायचं

कांदा-लसूण चटणी घ्या, पण डबाबंद कंपनीची नको. घरगुती मसाले करणाऱ्या दुकानातून, समोर वजन करून. पाव किलो दोघांच्या घराला दोन-तीन महिने पुरते. तिला तेल सुटतं, म्हणून दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून वर कागद गुंडाळायला सांगा, नाहीतर बॅगेतल्या कपड्यांना तो रंग कायमचा लागतो. घरी गेल्यावर काचेच्या बरणीत, कोरडा चमचा.

गूळ घ्यायचा तर गुऱ्हाळं चालू असतात त्या हिवाळ्यात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पिवळाधमक, चकचकीत रवा, म्हणजे गुळाची ढेप, बघून भुलू नका; तो रंग बऱ्याचदा रसायनानं आणलेला असतो. तांबूस-तपकिरी निवडा आणि चाखून घ्या. खारट लागला तर पुढचं दुकान. एक किलोचा रवा पुरे, पाच किलोचा मोह स्टेशनपर्यंत उचलताना उतरतो. आणि रात्रीची गाडी असेल तर जेवण हलकं ठेवा: एखादा लोणी डोसा दोघांत, गाडीत पाण्याची बाटली, आणि चटणीची पिशवी कपड्यांपासून लांब.